मोहोरात घेतलेलं गाणं

आमच्या देवगडकडे आंब्याची बाग दोन प्रकारे विकली जाते. एक म्हणजे आंबा तयार होतो, पेटीत भरला जातो, बाजारात जातो आणि मग त्याचा भाव ठरतो. दुसऱ्या पद्धतीत झाडाला नुकता मोहोर आलेला असतो, कैरीचा पत्ता नसतो आणि व्यापारी येऊन, झाडांकडे मान वर करून बघत बघत, सगळी बागच करारानं घेऊन टाकतो. पैसे आधी मोजतो. पुढे धुकं पडलं, तुडतुडा आला, अवकाळी पाऊस झाला आणि मोहोर गळून गेला, तर नशीब त्याचं. पीक भरभरून आलं, तर तेही नशीब त्याचंच.

आज मी आंब्याबद्दल बोलणार नाही. गाण्याबद्दल बोलणार आहे. पण ते गाणं मी असंच मोहोरात विकत घेतलं होतं, म्हणून ही सुरुवात.

गोष्ट २००० सालची. मी तेव्हा नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्स या शहरात राहत होतो. तिथून तासाभराच्या अंतरावर एल्सबरी नावाचं जुनं बाजारगाव आहे. याच गावात १९७९ साली एक बँड तयार झाला. टॉल्किन या इंग्रजी लेखकाच्या ‘सिल्मरिलियन’ या पुस्तकावरून त्याचं नाव ठेवलं गेलं आणि पुढे पहिलं अक्षर गळून ‘मरिलियन’ एवढंच उरलं. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना, १९८६ साली, वसतिगृहातल्या माझ्या खोलीतल्या मित्राकडे या बँडची एक कॅसेट होती. ‘मिसप्लेस्ड चाइल्डहूड’ तिचं नाव. ती आम्ही इतकी वाजवली की टेप दोनदा तुटली आणि आम्ही ती चिकटपट्टीनं जोडली. जोडाच्या जागी गाण्यातला एक शब्द गायब झाला होता. पुढे इंग्लंडमध्ये सीडीवर तो शब्द ऐकू आला, तेव्हा मला तो चुकून घुसल्यासारखा वाटला.

या बँडचं संगीत ज्या प्रकारात मोडतं, त्याला ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ म्हणतात. साठचं दशक संपता संपता इंग्लंडमध्ये काही तरुण वादकांना तीन मिनिटांच्या गाण्याचा कंटाळा आला. किंग क्रिमसन, येस, जेनेसिस, पिंक फ्लॉइड ही त्यातली मोठी नावं. त्यांनी गिटार आणि ड्रमच्या जोडीला पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतातली रचना घेतली, जॅझमधलं वादन घेतलं आणि गाणं दहा मिनिटं, वीस मिनिटं, कधी रेकॉर्डची अख्खी बाजू भरेल इतकं लांबवलं. रॉक गाण्याचा ठोका साधारणपणे चाराचा असतो. पाय आपोआप हलतो. यांनी मध्येच पाचाचा किंवा सातांचा ठोका आणला. आपल्याला रूपकाच्या सात मात्रांची सवय आहे, म्हणून आपण फारसे दचकत नाही. पण चाराच्या ठोक्यावर नाचायला आलेला माणूस तिथे अडखळतो. या मंडळींचा अल्बम हा सुट्या गाण्यांचा गठ्ठाही नसतो. अनेकदा तो पहिल्यापासून शेवटपर्यंत एका बैठकीत ऐकायचा असतो, एखाद्या कादंबरीसारखा.

असं संगीत करायला वेळ लागतो. म्हणून या प्रकाराच्या रसिकाला आणखी एक गोष्ट शिकावी लागते, ती म्हणजे वाट पाहणं. एक अल्बम आला की पुढचा दोन-तीन वर्षांनी. आधी कुणकुण लागते की मंडळी स्टुडिओत आहेत. मग नाव कळतं. मग मुखपृष्ठ दिसतं. मग दौऱ्याची गावं आणि तारखा जाहीर होतात आणि आपण नकाशा काढून बसतो. नवी गाणी रंगमंचावर कशी उभी राहतील, जुन्यातली कोणती घेतील, कोणती गाळतील, यावर मित्रांत पैजा लागतात. ऐकण्याचा निम्मा आनंद या दिवसांत असतो, असं मी म्हटलं तर गाण्याचा अपमान समजू नका. दिवाळीचा फराळही निम्मा वासातच खाल्लेला असतो.

तर या वाट पाहण्याला पैशात किंमत असते, हे मला मरिलियननं शिकवलं. त्यासाठी आधी रेकॉर्ड कंपनीचा हिशेब समजून घ्यायला हवा.

बँड कंपनीशी करार करतो, तेव्हा कंपनी त्याला आगाऊ रक्कम देते. ही रक्कम बक्षीस नसते. स्टुडिओचं भाडं, ध्वनिमुद्रणाचा खर्च, बऱ्याचदा जाहिरातीतलाही काही भाग, हे सगळं बँडच्या वाट्याच्या मानधनातून वळतं होतं. ते फिटेपर्यंत रेकॉर्ड विकली तरी वादकांच्या हाती काही पडत नाही. आणि सगळं फिटल्यावरही मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी बहुधा कंपनीकडेच राहते. आपल्याकडे घरासाठी कर्ज काढलं, सगळे हप्ते फेडले आणि तरी घर बँकेच्याच नावावर राहिलं, असा हा प्रकार. अर्थात कंपनी जोखीम घेते, हेही खरं. दहा बँडवर पैसे लावावेत तेव्हा एखादा चालतो.

मरिलियनचा चालला. १९८२ मध्ये ईएमआय कंपनीनं त्यांच्याशी करार केला. फिश या नावानं ओळखला जाणारा उंचापुरा स्कॉटिश गायक तेव्हा त्यांच्याकडे होता. १९८५ मध्ये आमच्या त्या तुटक्या कॅसेटचा अल्बम ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला आणि त्यातलं ‘केली’ हे गाणं दुसऱ्या. १९८८ मध्ये फिश बाहेर पडला. १९८९ मध्ये स्टीव्ह हॉगर्थ हा नवा गायक आला. गिटारवर स्टीव्ह रॉदरी, कीबोर्डवर मार्क केली, बेसवर पीट ट्रेवावस, ड्रमवर इयन मोझली हे चौघे तेच राहिले. संगीत बदललं, अधिक खोल गेलं असं माझं मत. पण खप उतरत गेला. १९९५ नंतर ईएमआयनं त्यांची साथ सोडली आणि ते एका लहान कंपनीकडे गेले.

इथून खरी गोष्ट सुरू होते. १९९७ मध्ये त्यांचा ‘धिस स्ट्रेंज इंजिन’ हा अल्बम आला. अमेरिकेतल्या रसिकांनी विचारलं, दौऱ्यावर कधी येणार? मार्क केलीनं सरळ उत्तर दिलं, की येणं परवडत नाही. ट्रक, दिवे, ध्वनियंत्रणा, मदतनीस, विमानं, हॉटेलं हा सगळा खर्च तिकिटांतून निघत नाही. साधारण ६० हजार डॉलरचा खड्डा पडेल. एवढं ऐकल्यावर एखाद्यानं हळहळ व्यक्त केली असती. या लोकांनी बँकेत खातं उघडलं. आपसात पैसे गोळा केले. बँडनं मागितलेले नव्हते. तिकीट वेगळं काढायचं होतंच, ही वर्गणी निराळी. बघता बघता तो ६० हजारांचा खड्डा भरला आणि त्याच वर्षी दौरा झाला.

मी पुढच्या वर्षी इंग्लंडला गेलो, तेव्हा ही हकिगत तिथल्या रसिकांच्या तोंडी होती. मला ती ऐकताना आपल्या गावच्या जत्रेतल्या दशावताराची आठवण झाली. मंडळी यायला हवीत ना, मग गावानं वर्गणी काढायची. एवढी साधी गोष्ट.

पण मरिलियननं यातून पुढचा धडा घेतला. लहान कंपनीबरोबरचा तीन अल्बमचा करार १९९९ मध्ये संपला. पुढच्या अल्बमसाठी पुन्हा कुणापुढे हात पसरायचा का? त्यांच्याकडे रसिकांच्या पत्त्यांची यादी होती. सुमारे सहा हजार जणांना त्यांनी ई-मेल पाठवून विचारलं: अल्बम अजून झालेला नाही, एक गाणंही मुद्रित नाही, तुम्ही आताच पैसे द्याल का?

मी कार्डानं पैसे भरले आणि त्या रविवारी घरी फोन केला तेव्हा अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगून बसलो.

पलीकडे जरा शांतता. मग अण्णा म्हणाले, “गाणा अजून झाला नाय आणि तू पैसे दिलंस?”

मी म्हटलं, “हो.”

“म्हंजे मोहोरात घेतलंस.”

त्यानंतर दर रविवारी फोनवर तब्येतीची चौकशी झाली, की त्यांचा ठरलेला प्रश्न असायचा, “तुझ्या मोहोराचा काय झाला?” माझ्याकडे उत्तर नसायचं. स्टुडिओत आहेत, एवढंच ठाऊक. अण्णा म्हणायचे, गळला असेल. मला खात्री होती असं नाही. फसवणुकीची भीती नव्हती, पण अल्बम वाईट निघाला तर? दुकानात सीडी हातात घेऊन आपण ठरवतो, घ्यायची की नाही. इथे तो हक्क मी आधीच देऊन बसलो होतो.

असे पैसे देणारे जगभरात बारा हजारांहून अधिक निघाले. त्या पैशांत अल्बम तयार झाला. दुकानांत पोचवण्यासाठी त्यांनी पुन्हा ईएमआयशीच बोलणी केली. पण या वेळी गाठीला तयार माल होता आणि मालकी स्वतःची. मे २००१ मध्ये तो आला. नाव ‘अ‍ॅनोरॅकनोफोबिया’. अ‍ॅनोरॅक म्हणजे टोपीचं जाड जाकीट. पावसात अशी जाकिटं घालून रेल्वे फलाटावर इंजिनांचे नंबर टिपत बसणारे छांदिष्ट तिकडे असतात, त्यावरून कुठल्याही वेड्या छंदिष्टाला इंग्रज माणूस ‘अ‍ॅनोरॅक’ म्हणून चिडवतो. कोळ्याच्या भीतीला जो इंग्रजी शब्द आहे, त्याच्याशी खेळून हे नाव केलं होतं. चिडवणाऱ्यांना सांगितलेलं, की आम्हाला आमच्या वेड्यांची भीती नाही. मुखपृष्ठावर तसल्या जाकिटातली चित्रं होती. ती आमचीच होती.

आणि अल्बम? पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी गोंधळलो. मला जुन्या धाटणीची अपेक्षा होती. इथे बेस पुढे आला होता, तालाची आवर्तनं यंत्रासारखी फिरत होती, काही ठिकाणी आजच्या नाचाच्या संगीताचा वास होता. बँडनं समीक्षकांना तर आव्हानच दिलं होतं, की ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ हा शब्द न वापरता परीक्षण लिहून दाखवा. काही रसिक नाराज झाले. आमच्या पैशांनी असं कसं केलंत, असाही सूर निघाला.

मला वाटतं, या साऱ्या प्रकरणाची कसोटी इथे लागते. पैसे आधी देणारा माणूस कशाचे पैसे देतो? फळाचे म्हणावं, तर फळ त्यानं पाहिलेलं नाही. व्यापारी बाग घेतो, तो आंबा कसा लागावा हे झाडाला सांगू शकत नाही. त्यानं झाडाची मागची वर्षं पाहिलेली असतात, तेवढ्यावर तो पैसे लावतो. आम्ही बारा हजार जणांनी त्या पाच माणसांना वर्षभराची मोकळीक विकत घेऊन दिली होती. तिचा वापर त्यांनी आम्हाला आवडेल असाच करावा, हे त्या व्यवहारात कुठेही लिहिलेलं नव्हतं. लिहिलं असतं, तर कंपनी परवडली.

त्याच महिन्यात दौरा होता. लंडनच्या मैफलीला मी गेलो. ‘धिस इज द ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी’ हे अकरा मिनिटांचं गाणं सुरू झालं, सीडीवर मला जे कोरडं वाटत होतं ते समोर हळूहळू भरत गेलं आणि रॉदरीच्या गिटारनं शेवटी असा काही सूर लावला, की शेजारचा अनोळखी माणूस माझा दंड धरून उभा राहिला. त्या रविवारी अण्णांना सांगितलं, “धरला मोहोर.” ते म्हणाले, “गोड हा मां?” मी म्हटलं, “थोडा वेगळा आहे. पण गोड आहे.”

हा मार्ग पुढे रूढ झाला. २००४ चा ‘मार्बल्स’ त्यांनी असाच रसिकांच्या आगाऊ नोंदणीवर प्रसिद्धीस आणला आणि त्यातलं ‘यू आर गॉन’ हे गाणं ब्रिटनच्या यादीत सातव्या क्रमांकावर चढलं. ‘क्राउडफंडिंग’ हा शब्द तोवर जन्मालाही आला नव्हता. ज्या किकस्टार्टर संकेतस्थळामुळे तो घरोघर पोचला, ते २००९ चं. खरं तर आपल्यालाही यात नवल वाटायला नको. मराठी पुस्तकांची ‘प्रकाशनपूर्व सवलत’ म्हणजे दुसरं काय? ज्ञानकोशकार केतकरांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत ज्ञानकोशाचे तेवीस खंड काढले, ते आधी वर्गणीदार मिळवूनच.

‘मार्बल्स’च्या वेळी मी पुण्याला परतलो होतो. पार्सल आलं. त्यात जाडजूड पुस्तकासारखी आवृत्ती होती आणि शेवटी आधी पैसे भरणाऱ्या हजारो लोकांची नावं बारीक अक्षरांत छापलेली. अण्णा तेव्हा आमच्याकडे आले होते. त्यांनी भिंग मागवलं आणि माझं नाव शोधून काढलं. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, “सात-बाऱ्यार नाव लागला तुझा.”

मी हसलो. सात-बारा नव्हे. मालकी त्यांचीच, आणि तीच तर मिळवायची होती. आमची सही फार तर साक्षीदार म्हणून. पण मग अण्णांनी एक प्रश्न विचारला, तो मला आजही पुरतो. “ह्या झाडा लावल्यान कोणी?”

प्रश्न अचूक होता. सहा हजार पत्ते, बारा हजार ग्राहक हे आले कुठून? १९८५ मध्ये कंपनीनं पैसे ओतले, रेडिओवर गाणं वाजवून घेतलं, पुण्याच्या वसतिगृहापर्यंत कॅसेट पोचवली, तेव्हा आम्ही तयार झालो. झाड कंपनीनं लावलं होतं. बँडनं आणि आम्ही मिळून ते पुढे जगवलं. म्हणून मरिलियनचं उदाहरण देऊन आज कुणी नव्या मुलांना सांगत असेल, की कंपनी नको, रसिक पैसे देतील, तर त्याला थांबवून हा प्रश्न विचारावा. ज्याचं झाडच अजून लागलेलं नाही, त्याचा मोहोर कोण घेणार? नव्या माणसावर पहिली जोखीम कुणीतरी घ्यावीच लागते. ती कंपनी घेवो, सभागृह घेवो, आकाशवाणी घेवो, नाहीतर शंभर रुपयांचं तिकीट काढून अनोळखी गायकाला ऐकायला जाणारे आपण घेवोत.

शेवटची हकिगत २०२१ ची. करोनाचा काळ. मरिलियनचा नवा अल्बम तयार होत होता आणि नोव्हेंबरमध्ये ब्रिटनचा दौरा ठरला होता. पण पाचांतल्या एकालाही लागण झाली, तर सगळा दौरा रद्द. आणि करोनामुळे रद्द झालेल्या कार्यक्रमांचा विमा उतरवायला कुणी तयार नव्हतं. त्यांनी पुन्हा रसिकांना विचारलं. या वेळची योजना अशी, की तुमचे पैसे तिऱ्हाइताकडे ठेवू. दौरा मोडला तर खर्च त्यातून भागवू, पार पडला तर परत करू. सुमारे दीड लाख पौंड जमले. पुण्यात बसून मीही थोडे ठेवले. त्या दौऱ्यातली एकही मैफल मला ऐकायला मिळणार नव्हती. अण्णा तेव्हा नव्हते. असते तर म्हणाले असते, आता दुसऱ्याच्या बागेचा विमापण तू भर.

दौरा पार पडला. मार्च २०२२ मध्ये अल्बम आला आणि ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोचला. त्याचं नाव ‘ॲन अवर बिफोर इट्स डार्क’, म्हणजे अंधार पडायला एक तास. त्यातल्या शेवटच्या ‘केअर’ या दीर्घ गाण्यात करोनाच्या काळात रुग्णांची सेवा करणाऱ्यांची आठवण आहे. ही मंडळी आता तरुण नाहीत. इयन मोझलीचा जन्म १९५३ चा. फिश २०२५ मध्ये निरोपाचा दौरा करून थांबला. तुटलेली कॅसेट जोडणारे आम्हीही साठीला आलो. त्यामुळे या बँडच्या पुढच्या अल्बमची वाट पाहताना पूर्वीसारख्या पैजा लागत नाहीत. आता नोंदणीचं पत्र आलं, तेवढ्यानंच बरं वाटतं. ते येतं, याचा अर्थ पाचही जण खोलीत जमले आहेत आणि काहीतरी नवं वाजवून बघताहेत.

देवगडची बाग आता मी बघतो. पौषात व्यापारी येतो, झाडाखाली उभा राहून वर बघतो आणि आकडा सांगतो. मी घासाघीस फारशी करत नाही. त्याची मान तशी वर झालेली असताना त्याच्या डोळ्यांत काय चाललेलं असतं, ते मला थोडंफार माहीत आहे.

(आकाशवाणीवरील भाषणावरून)